घाटवाटांचे राखणदार : एका नोंदणी नसलेल्या संस्थेचा वृत्तांत

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास द्यावयाचा म्हणजे स्थापनेची तिथी, नोंदणीचा क्रमांक, पहिल्या कार्यकारी मंडळाचे धुरकट छायाचित्र आणि कोषाध्यक्षांनी मंजूर करून घेतलेला जमाखर्च एवढी सामग्री लेखकाच्या हाताशी असावी, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. परंतु रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यांतून कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या ज्या वाटा शतकानुशतके माणसांच्या, बैलांच्या आणि क्वचित घोड्यांच्या पायांखाली नांदत्या राहिल्या, त्या ज्यांनी राखल्या त्यांच्या संस्थेपाशी यांपैकी काहीही नाही. तिला कचेरी नव्हती, लेखी घटना नव्हती. सभासदांची यादी म्हणावी तर गावातील चुलींची गणती हीच तिची यादी. तरीसुद्धा तिला नियम होते, पाळ्या होत्या, कामाचा दिवस ठरविण्याचा अधिकार कोणाचा याविषयी मतैक्य होते आणि कसूर करणाराला दंडही होता. संस्था म्हणवून घेण्यास याहून अधिक काय लागते, हे धर्मादाय आयुक्तांनीच सांगावे. डोंगर हिंडणाऱ्यांच्या या स्मरणिकेत इतर संस्थांच्या पंक्तीला तिलाही एक पान वाढावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हातलोट, आंबिवली, कुंभार्ली, तिवरे, मळे, कुंडी, आंबा, विशाळगड, अणुस्कुरा, काजिर्डा अशी उत्तरेकडून दक्षिणेकडे या घाटांची नावे घेत गेले, तर खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा आणि राजापूर या पाचही तालुक्यांची पूर्वेकडची शीव आपोआप डोळ्यांसमोर उभी राहते. यांतील बहुतेक नावे १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरीच्या सरकारी गॅझेटिअरात आढळतात. कुंभार्ली, आंबा आणि अणुस्कुरा यांवरून आज मोटारी जातात, बाकीचे अजून पायांच्याच भरवशावर आहेत. वाट म्हणजे एकदा खोदली की झाली, असा जो शहरवासीयांचा समज असतो तो या प्रदेशात एका पावसाळ्यात नाहीसा होतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळला की दगडी पायऱ्यांखालची माती निघून जाते, उतारावरची वाट ओहोळाच्या मालकीची होते, आणि भाद्रपद संपता संपता घाणेरी, रानमोडी आणि पुरुषभर उंच गवत मिळून तिचा मागमूसही ठेवीत नाहीत. कारवीचा प्रकार तर आणखी निराळा : सात-आठ वर्षांतून एकदा ती फुलते, बी धरते आणि सबंध रानच्या रान एकदम वाळते, मग त्या वाळलेल्या काठ्या वाटेवर आडव्या पडून जी अडगळ होते, ती उपसण्यास एका गावची माणसे पुरत नाहीत. तात्पर्य, या डोंगरात वाट दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि जे काम दरवर्षी करावयाचे असते त्याला कोणीतरी कायमचा माणूस नेमावाच लागतो.

हा माणूस प्रथम राज्याने नेमला. रसाळगड, सुमारगड आणि महिपतगड ही खेड तालुक्यातील गडांची ओळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पायथ्याच्या गावांच्या नावांत ‘घेरा’ हे उपपद अजून टिकून असल्याचे ठाऊक असेल. घेरा म्हणजे गडाभोवतीचे राखीव रान, आणि मेट म्हणजे त्या रानातील चौकी. मेटकऱ्यांनी रान राखावे, चोरवाटांवर नजर ठेवावी आणि त्याचा मोबदला जमिनीच्या रूपाने भोगावा, अशी ती व्यवस्था होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या मार्गांचा जो विचार आला आहे तो आजच्या स्वयंसेवकाला चमत्कारिक वाटेल, कारण तेथे गडाची वाट सुगम असणे हा दोष मानला आहे. वाट सोपी असेल तर ती मोडून अवघड करावी आणि घेऱ्यातील झाडी जतन करावी, असा त्यातील उपदेशाचा रोख आहे. घाटाच्या वाटेची गोष्ट मात्र नेमकी उलटी होती. दाभोळ, चिपळुणाजवळचे गोवळकोट, संगमेश्वर आणि राजापूर या खाडीकाठच्या बंदरांत उतरलेला माल घाटावर चढला तरच जकात पिकणार, म्हणून ती वाट वाहती असण्यात सरकारचा स्वार्थ होता. एकाच डोंगरात एक वाट बिकट राखण्यासाठी माणूस पोसावयाचा आणि दुसरी सुगम राखण्यासाठी, हा व्यवहार मराठी राज्याच्या कारभाऱ्यांना मुळीच विसंगत वाटत नव्हता, आणि तो तसा नव्हताही.

वाट कोणाच्या उपयोगी पडेल, हे मात्र ती राखणाराच्या हाती कधीच नव्हते. १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरावर जी झडप घातली आणि तेथील इंग्रज वखारवाल्यांना कैद केले, त्या मोहिमेतील घोडी कोकणच्या वाटांवरूनच धावली. आणि १६८९ च्या फेब्रुवारीत कोल्हापुराकडून निघालेला मुकर्रबखान निवडक स्वारांनिशी सह्याद्री उतरून संगमेश्वरात अकस्मात दाखल झाला व त्याने संभाजी महाराजांना पकडले, तोही अशाच एका वाटेने. माघ-फाल्गुनात घाटवाटा मोकळ्या केलेल्या आणि कोरड्या असतात. पावसाळ्यात जेथे बैल चढत नाही तेथे त्या दिवसांत घोडा हाती धरून उतरविता येतो. ज्यांनी त्या वर्षी ती वाट साफ केली असेल त्यांच्या मनाला पुढे काय वाटले असेल, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही.

घोडा हा कोकणचा प्राणी नव्हे. देशावरून आलेली तट्टे सोडली तर या जिल्ह्यात त्याचे दर्शन दुर्मीळच होते, आणि म्हणून घाटवाटेचे मोजमाप ठरले ते बैलावरून. दोन्ही कुशींना भरलेल्या गोणी लटकत असलेला बैल कड्याच्या बाजूने घसटता जाता कामा नये आणि समोरून दुसरा आला तर एकाला थांबण्यापुरती जागा ठराविक अंतरावर हवी, या दोन अटींत वाटेची रुंदी आणि वळणे बसविलेली असत. मीठ, नारळ, सुकी मासळी वर जाई. धान्य, गूळ, मिरची, तंबाखू खाली येई. वंजाऱ्यांचे तांडे जेथे उतरत ते तळ घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर ठरलेले असत : बारमाही पाणी, एखादा वड किंवा पिंपळ, त्याभोवती पार, जवळपास एखादे देऊळ, आणि माथ्यावर गवळी-धनगरांचा वाडा, जेथे दूध मिळे आणि वाट चुकलेल्याला दिशा मिळे. आज डोंगरात जे तंबू ठोकून राहतात त्यांनी जागा निवडताना थोडे निरखून पाहावे. पाणी, सावली आणि वाऱ्याचा आडोसा यांची जिथे सांगड पडली आहे, तेथे बहुधा चुलीचे काळवंडलेले जुने दगडही सापडतात.

इथपर्यंतचा वृत्तांत वाचताना हे सारे काम लोक हौसेने करीत असत अशी कल्पना कोणी करून घेईल, तर ती सत्याला सोडून होईल. गावकामगार म्हणून वाट दाखविणे, सरकारी टपाल आणि बोजा पुढच्या गावी पोचविणे, शीव राखणे ही कामे महार वतनदारांच्या माथी होती, आणि त्या वतनाचे उत्पन्न कामाच्या मानाने हास्यास्पद असे. खोती गावांत त्यावर वेठ आली. खोताच्या मेण्यासाठी वाट झोडपावयाची, साहेबाच्या मुक्कामासाठी तळ सारवावयाचा, आणि त्या दिवसाची मजुरी मागावयाची नाही, हा रिवाज रत्नागिरीत विसाव्या शतकातही चालू होता. १९३७ च्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे, मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागील कारणांत अशा वेठीचा वाटा मोठा होता. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने, आणि कनिष्ठ गाववतने १९५८ च्या. संस्थेच्या इतिहासात संस्थापकांची नावे आदराने द्यावीत असा शिष्टाचार आहे. या संस्थेच्या संस्थापकांपैकी पुष्कळांना सभासदत्व नाकारण्याची मुभाच नव्हती, हे येथे नमूद केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वेठीच्या शेजारी दुसरी एक पद्धत नांदत होती, आणि प्रस्तुत संस्थेचा जो भाग अद्याप जिवंत आहे तो तिच्यातून आलेला आहे. ती म्हणजे गावकीची पाळी. गावच्या देवळात मानकरी, गुरव आणि वाडीवाडीचे कर्ते बसून दिवस ठरवीत, घरटी एक माणूस कोयता घेऊन हजर राहावयाचा, ज्याच्या घरी माणूस नसेल त्याने पैसा किंवा नारळ द्यावयाचा, आणि काम संपल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवावयाचे. शिमग्यात पालखी घरोघर नेण्याची रीत ज्या जिल्ह्यात आहे, तेथे प्रत्येक वाडीपर्यंतची पाखाडी पालखी खांद्यावर घेऊन चालता येईल इतकी रुंद आणि माथ्यावर फांद्यांवाचून मोकळी असावी लागते. त्यामुळे बैल गेले, खोत गेले, तरी वाट बेणण्याचे निमित्त देवाने शिल्लक ठेवले. कमरेच्या आकडीला कोयता अडकवून निघालेली ही मंडळी स्वतःला स्वयंसेवक म्हणवीत नाहीत, आणि त्यांना कोणी तसे म्हटले तर ती संकोचाने हसतील.

पैशाची बाजू मुंबईने सांभाळली. गिरणगावातील खोल्यांत एका गावचे दहा-पंधरा पुरुष एकत्र राहत, आणि त्याच खोल्यांतून ग्रामस्थ मंडळे उभी राहिली. साकवाला माडाच्या सोटांऐवजी लोखंडी गर्डर घालावयाचे, पाखाडीच्या निखळलेल्या चिऱ्यांना सिमेंट द्यावयाचे, देवळाच्या सभामंडपावर पत्रे टाकावयाचे, यासाठी पगाराच्या दिवशी वर्गणी गोळा होई आणि मनिऑर्डरीने गावी जाई. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्या वर्गणीला ओहोटी लागली. कामाचे दिवसही मुंबईने बदलले, ते असे की ज्या दिवसांत चाकरमानी गावी असतात तेच गावकीचे दिवस. म्हणजे गणपती आणि शिमगा. गणपतीत रान ओले असते आणि शिमग्यापर्यंत वणव्याची भीती सुरू झालेली असते, तेव्हा वाट बेणण्यास खरा योग्य असा दसरा ते मार्गशीर्ष हा काळ गावातील म्हाताऱ्यांवर आणि बायकांवर पडला. गवताचे आणि लाकडाचे भारे घेऊन या वाटांवर सर्वांत अधिक चालल्या त्या बायकाच. मानकऱ्यांच्या बैठकीत मात्र त्यांना विचारण्याची पद्धत नव्हती.

आता जंगल खात्याकडे वळावयास हवे, कारण या संस्थेला तिच्या आयुष्यात जे एक मोठे स्थित्यंतर सोसावे लागले ते त्या खात्यामुळे. कंपनी सरकारच्या आरंभीच्या अमलात, १८२० च्या दशकात, खासगी जमिनीतील साग-शिसवीवरचा सरकारी हक्क सोडून देण्यात आला आणि त्यानंतर या जिल्ह्यातील इमारती लाकूड झपाट्याने तुटले. त्यामुळे रत्नागिरीत सरकारी जंगल अत्यल्प राहिले आणि जे राहिले ते बहुतांशी घाटाच्या चढणीवर, म्हणजे नेमके वाटांच्या दोन्ही अंगांना. १८७८ आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरणे आणि तेथे कोयता चालविणे हा गुन्हा ठरला. कायदा करणारांना वाटांचा विसर पडला होता असे नव्हे. १९२७ च्या कायद्याचे २५ वे कलम राखीव जंगलातील वाट बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याला देते, परंतु त्याचबरोबर त्या जागी पुरेशी सोयीची दुसरी वाट असली पाहिजे किंवा करून दिली पाहिजे अशी अटही घालते. म्हणजे चालणाराचा हक्क कायद्याने मानला. वाट राखणाराचा प्रश्न मात्र त्यात कोठेच येत नाही. जो माणूस काल गावकीच्या हुकुमाने फांदी छाटत होता, तो आज तीच फांदी छाटताना पकडला गेला तर त्याच्यावर पंचनामा व्हावा, आणि छाटली नाही तर गावाने त्याला नारळाचा दंड करावा, अशी ही कुचंबणा आहे.

जी गोष्ट येथे कोणाला सुचली नाही ती अन्यत्र सुचली, याचा उल्लेख प्रसंगोपात्त करावासा वाटतो. अमेरिकेत सरकारी जंगले अफाट, त्यांत घोड्यांवरून हिंडण्याच्या वाटा हजारो मैलांच्या, आणि त्या राखावयास जंगल खात्याकडे माणसे अपुरी. तेव्हा १९७२ साली तेथील काँग्रेसने राष्ट्रीय वनांत स्वयंसेवकांना अधिकृतपणे काम देण्याची तजवीज करणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, मोंटाना राज्यातील घोडेस्वारांनी ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ नावाची संघटना काढली. तिचे सभासद आपल्याच घोड्यांवर आणि खेचरांवर करवती, फावडी, पुलाचे लाकूड लादून दूरच्या रानात नेतात, पडलेली झाडे कापून वाट मोकळी करतात आणि मुक्कामाच्या जागा नीट करून परततात. जंगल खाते त्यांच्याशी करार करते आणि त्यांनी दिलेल्या श्रमाच्या तासांचा हिशेब ठेवते. आपल्याकडे त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम संमत झाला. तो आवश्यक होता यात शंका नाही, आणि त्याच्यावाचून सह्याद्रीत आज जे रान उरले आहे तेही उरले नसते; परंतु रानात शिरलेल्या माणसाकडे पाहण्याची त्याची दृष्टी मूलतः संशयाची आहे, आणि कोयत्यासह शिरलेल्या माणसाकडे तर विशेषच.

कायद्याहून मोठा आघात पाण्याने केला. कोयना प्रकल्पाचे काम १९५४ साली सुरू झाले, १९६० नंतरच्या वर्षांत शिवसागर जलाशय भरला, आणि घाटमाथ्यावरची ज्या गावांकडे कोकणातून वाटा चढत होत्या त्यांतली अनेक गावे पाण्याखाली गेली किंवा उठून गेली. १९८५ साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्ये झाली, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१० मध्ये दोहोंचा मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, ज्याचे क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर असून सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेले आहे. वाटेला दोन टोके असतात आणि दोन्ही टोकांना माणसे असली तरच तिची राखण निम्मी-निम्मी वाटून घेता येते. मळे, तिवरे, कुंडी यांसारख्या घाटांची वरची निम्मी वाट पुनर्वसनामुळे बेवारस झाली, आणि खालच्या गावांनी किती वर चढावे याला काही मर्यादा आहे.

याच पाण्याने एका ठिकाणी मात्र उलटा परिणाम केला. महाबळेश्वर तालुक्यातील कांदाटी खोऱ्याची गावे जलाशयामुळे साताऱ्यापासून तुटली, आणि मीठमिरचीपासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी त्यांना खेडची बाजारपेठ जवळची झाली. रघुवीर घाटाचा रस्ता होईपर्यंत ही माणसे सह्याद्री उतरून खोपीस येत आणि सामान डोक्यावर घेऊन परत चढत; आजारी माणसाला डोलीत घालून उतरवीत. ज्यांचा जिल्हा सातारा आणि बाजार रत्नागिरीत, अशा त्या लोकांनी त्या काळात वाट जितक्या काळजीने राखली तितकी दुसऱ्या कोणी राखली नसेल, कारण तेथे पाय घसरला तर त्याची किंमत लगेच मोजावी लागे. आजही अतिवृष्टीत रघुवीर घाटात दरड कोसळली की डांबरी रस्ता बंद पडतो, आणि जुन्या पायवाटेची चौकशी सुरू होते.

जेथे देव डोंगरात आहे तेथे वाट सर्वांत उत्तम स्थितीत आहे, हे निरीक्षण श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांनाही मान्य करावे लागेल. खेड तालुक्यातील चोरवणे गावातून वासोट्याजवळच्या नागेश्वराच्या गुहेकडे चढणारी वाट महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे टिकली. आंबिवलीहून चकदेवास जाणारी वाट कड्याला लावलेल्या शिड्यांवरून जाते, आणि शिडीची पायरी कुजली की काय होते हे तेथील देवाच्या दर्शनाला निघालेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. संगमेश्वरात मकरसंक्रांतीला मारळच्या मार्लेश्वराचे साखरप्याच्या गिरिजादेवीशी लग्न लागते. वऱ्हाडासह पालखी जावयाची म्हणजे वाट आधी झाडून घेणे आलेच. तेथे आता पायऱ्या झाल्या, कठडे झाले, दुकाने झाली आणि राखण करणारांपेक्षा कचरा करणारांची संख्या वाढली. लांज्याच्या माचाळावरून विशाळगडाकडे जाणारी वाट त्या मानाने अजून शांत आहे.

स्वातंत्र्यानंतर या संस्थेला जे नवे सभासद मिळाले ते पुण्या-मुंबईचे. गोपाल नीलकंठ दांडेकरांसारख्यांनी गडांवर केलेल्या लेखनाने तरुणांचे पाय डोंगराकडे वळविले, आणि रसाळगडावरील झोलाईचे किंवा महिपतगडावरील पारेश्वराचे देऊळ ही वाटसरूंची मुक्कामाची स्थाने झाली. आरंभी ही मंडळी गावातून वाटाड्या घेत, त्याच्या घरी पिठले-भाकरी खात, आणि देवळात झोपून सकाळी ते झाडून निघत. त्या दिवसांत उभयपक्षी जो जिव्हाळा निर्माण झाला त्याचे फळ म्हणून पुढे गडांवरील टाक्यांतील गाळ उपसणे, तोफा मातीतून काढून नीट बसविणे, चोरवाटांवर दगडांच्या खुणा रचणे ही कामे शहरातील मुले गावकऱ्यांच्या बरोबरीने करू लागली. त्यांच्या उत्साहाविषयी आदर बाळगूनही एक तक्रार नोंदवावी लागते. शहरातून आलेला गट गड साफ करतो, कारण गडाला नाव आहे, इतिहास आहे आणि छायाचित्रात तो चांगला दिसतो. गडाकडे नेणारी तीन मैलांची वाट साफ करण्यास फारसे कोणी येत नाही. शिवाय रंगाच्या डब्याने खडकावर बाण रंगविणे म्हणजे वाट राखणे नव्हे.

वाट राखणे म्हणजे मुख्यत्वेकरून पाणी राखणे, ही गोष्ट जुन्या माणसांना पक्की ठाऊक असते. उतारावर दर पंधरा-वीस पावलांवर दगडांची एक तिरपी ओळ जमिनीत अशी रोवावी की वाटेवरून धावत आलेले पाणी तिला अडून दरीच्या अंगाला वळेल. ओळ आडवी रोवली तर पाणी तिच्यावरून उडी मारते आणि खालची माती खणून काढते, म्हणून तिरपेपणा महत्त्वाचा. पायरीचा दगड आतल्या बाजूला किंचित कललेला बसवावा, नाहीतर ओल्या पायाला तो फसवतो. जांभा चढणीवर झिजतो आणि शेवाळतो, तेव्हा घाटाच्या अंगात काळा दगडच वापरावा; जांभ्याचे चिरे गावालगतच्या पाखाडीला शोभतात. छाटणी कमरेच्या उंचीवर न थांबविता खाली मुळापाशी करावी, कारण अर्धवट तोडलेली रानमोडी पुढल्या वर्षी दुप्पट जोमाने फुटते, आणि तोडलेल्या कारवीचे खुंट तिरपे टोकदार राहिले तर चपलेतून पायात शिरतात. छाटलेले रान वाटेच्या वरच्या अंगाला कधीही रचू नये. पावसात ते घसरून पुन्हा वाटेवरच येते. ही विद्या कोठल्याही अभ्यासक्रमात नाही. ज्यांना ती येते ते बहुतेक साठी ओलांडलेले आहेत, आणि त्यांची नातवंडे चाकण, पनवेल किंवा विरारला आहेत.

सध्याचा कारभार असा आहे की वाटेचा पायथा चिपळूणच्या वन विभागाकडे आणि माथा व्याघ्र प्रकल्पाकडे, ज्याचे क्षेत्रसंचालक कोल्हापुरास बसतात. प्रचितगडासारख्या ठिकाणी चढावयाचे तर परवानगी कोणाची आणि वाट राखावयाची तर परवानगी कोणाची, ही दोन निरनिराळी प्रकरणे होतात. वनरक्षक बहुधा समजूतदार असतो. एका माणसाकडे काही हजार एकरांचे रान, त्यात उन्हाळ्यात वणवा, आणि वणवा विझविण्यास धावून येणारी माणसे तीच जी वाट बेणतात. तेव्हा यात्रेपूर्वी चार दिवस कोयत्यांचा आवाज आला तर तो त्या बाजूच्या फेरीला जात नाही. जाळरेषेच्या कामात गावकऱ्यांना मजुरीवर घेऊन तीच रेषा जुन्या वाटेवरून नेण्याची युक्तीही काही ठिकाणी चालते, आणि ती दोहोंच्या सोयीची आहे. पण हे सारे माणसामाणसांतील सलोख्यावर अवलंबून. बदली झाली की नव्याने आरंभ.

कागदावर आणण्याचा मार्ग नाही असे मात्र नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गावाने सामूहिक हक्कांचा दावा करण्याची सोय आहे, आणि त्याखालील नियमांत पुरावा म्हणून सरकारी दप्तराखेरीज गावाने बांधलेल्या जुन्या बांधकामांचे अवशेष, पाण्याच्या जागा, देवराया आणि वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब हेही ग्राह्य धरले आहेत. आदिवासी नसलेल्या वननिवाशांना, आणि गवळी-धनगर या भागात त्यांतच मोडतात, तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. घाटमाथ्यावरचे पार, तळावरची टाकी, कड्यातील पायऱ्या आणि पालखीचा मार्ग, यांपैकी पुष्कळ गोष्टी त्या व्याख्येत बसण्याजोग्या आहेत; दावा ग्रामसभेने ठराव करून वनहक्क समितीमार्फत उपविभागीय समितीकडे पाठवावयाचा असतो. शहरातील गिर्यारोहकांना गावासाठी खरोखरच काही करावयाचे असेल, तर नकाशे काढण्याची आणि जबाब लिहून घेण्याची कला त्यांच्यापाशी आहे, आणि वाट दाखविणारे म्हातारे अजून गावात आहेत. मार्गशीर्ष हा त्यास योग्य महिना. गवत वाळलेले असते, वणवे लागलेले नसतात, आणि वाट बेणण्याचाही खरा काळ तोच असल्यामुळे कोयता बरोबर न्यावा.